नीट रिपीट करताय? या चुका टाळा

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आठवड्याभरात फोन सुरू होतात. "सर, ड्रॉप घेतलाय, वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणार. कुठला क्लास लावू?" मी उलट विचारतो, मार्क नेमके कुठे गेले? उत्तर ठरलेलं: "फिजिक्स अवघड होतं" नाहीतर "सिली मिस्टेक झाल्या." एवढ्या माहितीवर पोरं अख्खं वर्ष पणाला लावतात आणि आईबाप फी भरून मोकळे होतात.

पहिला पेपर पुन्हा न उघडणं

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक, आणि दहातले नऊ जण ती करतात. नीटची प्रश्नपुस्तिका परीक्षेनंतर घरी नेता येते. ओएमआरची (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरसूचीही परीक्षा घेणारी संस्था, एनटीए, दाखवते. म्हणजे आपण काय केलं याचा पुरावा हातात असतो. पण निकाल मनासारखा लागला नाही की पुस्तिका माळ्यावर जाते किंवा रद्दीत.

एक मुलगी आली होती, फिजिक्सचा वेगळा क्लास लावायचाच असं ठरवून. मार्क बघता तिचं म्हणणं खरंच वाटत होतं, फिजिक्सने घात केला होता. मी पुस्तिका आणायला लावली. फिजिक्सची पानं उलटली तर सुरुवातीच्या प्रश्नांशेजारी कच्चं काम भरपूर, आणि शेवटच्या पंधरा-सोळा प्रश्नांशेजारी पेनाचा ठिपकासुद्धा नाही. तेच प्रश्न तिथेच बसून सोडवायला सांगितले. निम्म्याहून जास्त तिला आले! मग वेळ गेला कुठे? बायोलॉजीत. 90 प्रश्न, त्यातला प्रत्येक "खात्रीसाठी" दोनदा वाचलेला, जोड्या लावा आले की तीनदा. तिथेच सव्वा तास संपला होता. तिची गळती बायोलॉजीत होती आणि ती फिजिक्सच्या क्लासचे पैसे भरायला निघाली होती. पुढे आम्ही एकच नियम ठेवला: बायोलॉजी गोल काळे करण्यासकट पन्नास मिनिटांत, आणि एकदा भरलेल्या गोलाकडे परत बघायचं नाही. पहिले काही मॉक (सराव पेपर) रडतखडत गेले. नंतर फिजिक्सला वेळ उरू लागला आणि मार्क आपोआप चढले.

मी हे असं करून घेतो: जुना पेपर समोर ठेवून प्रत्येक गेलेल्या प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचं. माहीतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही, तुक्का मारला. "सिली मिस्टेक" हा रकाना माझ्याकडे नाही. एकक बदलायचं राहिलं की "अयोग्य विधान ओळखा" मधलं "अयोग्य" वाचलंच नाही, ते स्पष्ट लिहायचं. दोन-तीन तासांचं काम आहे. त्याचा कंटाळा येणाऱ्याने वर्षभर अभ्यास करीन म्हणू नये.

तुक्क्याचा हिशेब न करणं

बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1. वीस प्रश्नांवर डोळे मिटून गोल भरले आणि नशीब सरासरी निघालं तर पाच बरोबर, पंधरा चूक. हातात पडतात 5 मार्क. तीनच लागले तर उणे 5. पण दोन पर्याय खात्रीने कापता येत असतील तर त्याच वीस प्रश्नांतून साधारण 30 मार्क येतात. म्हणून "निगेटिव्ह आहे, अजिबात हात लावू नकोस" हा सल्लाही तितकाच आळशी. मॉकमध्ये तुक्क्यांपुढे खूण करा आणि नंतर मोजा. काही जणांचा "अंदाज" फार वाईट असतो, त्यांना ते कागदावर दिसायला हवं.

जुन्या साच्यात तयारी

2021 ते 2024 पर्यंत 200 प्रश्नांतून 180 सोडवायचे होते, वेळ 2021 ला 180 आणि 2022 पासून 200 मिनिटं. 2025 पासून ऐच्छिक प्रश्न गेले: 180 प्रश्न, 180 मिनिटं, सगळे सक्तीचे. तरी ताईदादाच्या जुन्या टेस्ट सिरीजवर वेळ लावून सराव करणारे भेटतातच. प्रश्न म्हणून ते सोडवा, घड्याळ मात्र नवं लावा. अभ्यासक्रमही 2024 च्या परीक्षेपासून बदलला आहे, काही प्रकरणं गळली आहेत. जुन्या नोट्स घेण्याआधी अधिकृत यादीशी ताडून बघा.

गोल शेवटी भरणं

"आधी सगळं सोडवतो, मग एकदम भरतो." एक प्रश्न सोडला, गोल सोडायचा राहिला, की पुढची अख्खी रांग सरकते. पेनने भरलेला गोल खोडता येत नाही. पान संपलं की त्या पानाचे गोल भरायचे, विषय संपेपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. घरच्या मॉकलाही ओएमआरची झेरॉक्स वापरा. पुस्तिकेवरच टिक करून दिलेला मॉक मी मॉक धरत नाही.

उरलेलं थोडक्यात. बायोलॉजी एनसीईआरटीचीच वाचा. स्टेट बोर्डाच्या पुस्तकावर बारावी निघते, नीटला तेवढं पुरत नाही. मराठीतून पेपर देणाऱ्यांनी इंग्रजी संज्ञाही पाठ ठेवाव्यात, कारण भाषांतरात घोळ निघाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानतात. तीन क्लासचं मटेरियल गोळा करू नका, एकही पुरं होत नाही. चौदा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावणारा सहसा दिवाळीपर्यंत टिकत नाही. पेपर दुपारी 2 ते 5 असतो, आणि रात्री जागून दुपारी झोपणाऱ्यांचा मेंदू नेमका तेव्हाच पेंगतो. मॉक दुपारीच द्या.

आणि सोबत एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट देत असाल तर नीटची सावध सवय तिथे नेऊ नका. त्या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही प्रश्न रिकामे सोडून येणारे रिपीटर मला दरवर्षी भेटतात.