घरासमोरचं अंगण मे महिन्यासाठी आखा

श्रावणात आमच्या परभणीत कुणाचंही दार छान दिसतं. कुंपणावर मधुमालती, पायरीशी गवत, भिंतीला शेवाळाची हिरवी झाक. खरी परीक्षा मे महिन्यात असते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तरीही एखाद्या घरासमोरून जाताना पाय थबकतो. तसं अंगण कसं उभं करायचं, ते सांगते.

२०१५ च्या जुलैत आम्ही हौसेने दारासमोर लॉन टाकली आणि दोन पाम लावले. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि आमच्या बोअरमधून नुसती हवा. पिण्याचं टँकरचं पाणी गवताला घालायला हात धजेना. पंधरा दिवसांत लॉनचं पिंजर झालं. तेव्हापासून मी अंगणाचा विचार पाण्यापासून सुरू करते.

आधी बादल्या मोजा

दहा बाय दहा फुटांच्या लॉनला उन्हाळ्यात रोज किमान ५० लिटर पाणी लागतं. तुमच्या घरातलं वापरून उरलेलं पाणी किती, ते आठवडाभर मोजा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी थेट झाडाला चालतं. कपड्यांचं शेवटच्या खळबळीचं पाणीही चालतं, मात्र पहिलं साबणाचं पाणी टाकू नका. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी क्षारयुक्त असतं, ते फरशी धुवायला किंवा सडा मारायला वापरा. रोज दोन-तीन बादल्या निघत असतील तर एक छोटं झाड, चार-पाच झुडपं आणि काही कुंड्या एवढाच संसार मांडा. आटोपशीर आणि टवटवीत अंगण मोठ्या पण कोमेजलेल्या बागेपेक्षा कितीतरी देखणं दिसतं.

छताचं पाणीही हिशेबात धरा. हजार चौरस फुटांच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९०० लिटरच्या आसपास पाणी जमतं. ते पाइपने गटारीत सोडण्याऐवजी टाकीत घ्या किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात गाळून सोडा.

मग रस्त्यावर जाऊन उभे राहा

दुपारी चारला फाटकाबाहेर या आणि घराकडे परक्याच्या नजरेने बघा. सगळ्यात आधी काय खुपतं? बहुतेक वेळा झाडांची उणीव खुपत नाही. गंजलेलं फाटक, लोंबणाऱ्या वायरी, भिंतीला टेकवलेले पत्रे आणि जुनी सायकल हेच डोळ्यात येतं. ते आधी हलवा. फाटकाचा गंज पॉलिश पेपरने खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्या, वर ऑइल पेंटचे दोन हात. एका सुट्टीच्या दिवसात निम्मा फरक पडतो.

ऊन कुठून येतं, तेही याच वेळी दिसेल. घर पश्चिममुखी असेल तर दुपारचं ऊन थेट दारावर येतं, तिथे सावली देणारं झाड हवं. पूर्वमुखी अंगणाला दुपारनंतर घराचीच सावली मिळते, म्हणून मोगरा आणि जास्वंद तिथे खुशाल लावा.

खाली काय घालायचं

सगळं अंगण सिमेंटने बंद करू नका. उन्हाळ्यात ते तापतं, रात्री उशिरापर्यंत धग सोडतं आणि पावसाचं पाणी मुरू देत नाही. फाटकापासून पायरीपर्यंत चार फुटांची वाट शहाबादी फरशीची करा. मराठवाड्यासारखंच शहाबादही पूर्वी निजामाच्या राज्यात होतं आणि हा दगड आपल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून तो इथे शोभतोही. फरशी मुरमाच्या थरावर बसवा आणि दोन फरशांत बोटभर फट ठेवा. उरलेल्या जागेत मुरूम दाबून बसवला तरी अंगण स्वच्छ दिसतं. उतार मात्र घराकडून रस्त्याकडे हवा, दर दहा फुटांना दोन-अडीच इंच.

काळ्या मातीच्या प्लॉटवर हे फारच जपा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात आमच्या मागच्या मोकळ्या जागेतल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो. जोत्याजवळ पाणी साचलं तर भिंतीला तडे जातात. मोठ्या झाडाची मुळं जोत्याखालचा ओलावा ओढतात, त्यानेही तेच होतं. म्हणून कडुनिंब भिंतीपासून किमान पंधरा फूट लांब लावा. तेवढी जागा नसेल तर त्याचा मोह सोडा. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोच.

खड्डा उन्हाळ्यातच खणा

एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. किडीची अंडी आणि बुरशी बरीच मरते. मग निघालेली अर्धी माती, पाव हिस्सा कुजलेलं शेणखत, पाव हिस्सा वाळू किंवा बारीक मुरूम आणि दोन मुठी निंबोळी पेंड कालवून खड्डा भरा. काळी माती चिकट असते, मुरमाशिवाय मुळांना हवा मिळत नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खाली बसली की रोप लावा.

आमच्या खड्ड्याच्या वेळी माळीमामांनी एक गोष्ट सांगितली ती कायमची लक्षात राहिली. मी रोपाच्या अगदी बुडात पाणी ओतत होते. ते म्हणाले, ‘‘बुडात नगा टाकू ताई, पाणी पिणारी मुळं लांब असत्यात.’’ झाड वाढेल तसं आळंही बाहेर सरकवायचं. त्यात पालापाचोळा नाहीतर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरायचं, फक्त खोडाला चिकटू द्यायचं नाही. आच्छादनाखाली बोट घालून बघा, दुसऱ्या दिवशीही माती गार लागते.

आणि माठ. न रंगवलेला, पाच-सात लिटरचा मातीचा माठ झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. पाणी झिरपत थेट मुळांशी जातं, वरचं ऊन त्याला पीत नाही. मे महिन्यातही तीन-चार दिवसांनी भरावा लागतो, म्हणून चार दिवस गावी जाता येतं. झाकण विसरू नका, डास होतात.

झाडं निवडताना

छोट्या अंगणाला मी पांढरा चाफा सुचवेन. भिंतीपासून सहा फुटांवर. तो पाणी मागत नाही, उन्हाळ्यात फुलतो, आणि हिवाळ्यात पानं झडली तरी त्याच्या फांद्यांचा आकार सुंदर दिसतो. पारिजातक हवा असेल तर वाटेच्या कडेला लावा, सकाळी सडा तिथेच पडतो. कुंपणावर बोगनवेल. तिला पाणी कमी पडलं की फूल जास्त येतं, नुसतं पाणी घालत राहिलात तर पानंच वाढतात. पावसाळ्यानंतर छाटणी करा, म्हणजे ती रस्त्यावर लोंबत नाही.

कण्हेरही दुष्काळात तगते आणि भरभरून फुलते, पण तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी आहे. घरात रांगतं लेकरू असेल किंवा दारात शेरडं येत असतील तर लावू नका.

पायरीच्या दोन्ही बाजूंना सदाफुली पुरते, तिचं बी आपोआप पडून पुढच्या वर्षी रोपं येतात. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे कर्दळ. दसऱ्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये झेंडूचं बी टाका. एकेक जातीचं एकेक रोप विखरून लावू नका, एकाच जातीची चार-पाच जवळजवळ लावा. रस्त्यावरून रंगाचा पट्टा दिसतो.

तुळशीवृंदावन दाराच्या अगदी समोर सिमेंटच्या ठोकळ्यासारखं बसवण्यापेक्षा वाटेच्या एका अंगाला घ्या आणि त्याच्याभोवती रांगोळीपुरती चौकोनी शहाबादी ठेवा. आमच्या मायची रांगोळी आता तिथेच असते. संध्याकाळी वृंदावनावर एक पिवळसर मंद दिवा पुरतो, झगझगीत पांढरे दिवे लावले की चाफाही आजारी दिसतो.

रोपं आणायला जून संपायची वाट बघा. उंच, लुसलुशीत रोपापेक्षा बुटकं, जाड खोडाचं घ्या. पिशवी उलटी करून बघा. खालून मुळं गुंडाळून बाहेर आली असतील तर ते रोप तिथेच ठेवा.