आंबट पेयांपासून दातांचं एनॅमल कसं जपावं

मे महिन्यात गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून घरी परतताना लिंबू सोडा घेतल्याशिवाय पाय पुढे सरकत नाहीत. घरात कोकमाच्या आगळाचं सरबत, जेवणाला सोलकढी, मुलांच्या हातात कोल्ड्रिंक, आणि उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या हलक्या दारूच्या, दिवसांत मोठ्यांच्या ग्लासात लिंबाची फोड. यातलं काही बंद करा असं मी सांगणार नाही. माशाच्या जेवणावर सोलकढी मलाही हवीच. पण माझ्या मुलाच्या दाढांवर नवव्या वर्षीच बारीक खळगे दिसले आणि आमच्या घरातली पिण्याची पद्धत बदलली.

दाताच्या वरचं कवच म्हणजे एनॅमल. सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तरी तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली उतरला की ते विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस नि कोला २ ते ३ च्या आसपास असतात. लाळ हा आंबटपणा हळूहळू मारते, मऊ पडलेल्या थराला खनिज परत देते. मात्र जे झिजून गेलं ते गेलं. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपलेल्या असतात.

१. घोट घोट पिणं सोडा. एवढं एकच केलंत तरी मोठं काम होईल. किती प्यालात यापेक्षा दात किती वेळ आंबटात राहिले, हे जास्त महत्त्वाचं. एक ग्लास सरबत पाच मिनिटांत संपवलं तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. तेवढंच सरबत अभ्यास करताना दोन तास पुरवलं तर प्रत्येक घोटाला झीज नव्याने सुरू होते. मुलांना चूळ भरल्यासारखं गालात फिरवून प्यायची सवय असते, तीही मोडा.

२. आंबट जेवणासोबत घ्या. जेवताना लाळ भरपूर सुटते. म्हणून भातावरची सोलकढी मला तितकी खटकत नाही, दुपारभर चाललेलं कोकम सरबत खटकतं. स्ट्रॉ वापरलात तर तिचं टोक पुढच्या दातांच्या मागे असू द्या.

३. नंतर साध्या पाण्याची चूळ भरा, ब्रश नको. इथे बहुतेक काळजीवाहू आई-बाबा चुकतात, मीही चुकले. सरबत झालं की लगेच दात घासायला पाठवायचे. आंबटाने मऊ झालेल्या थरावर ब्रश फिरला की तो थर खरवडला जातो. निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबा.

४. मैदानावर पाणी द्या. फुटबॉल खेळून आलेल्या मुलाचं तोंड कोरडं असतं, लाळ कमी असते. नेमकी तेव्हाच एनर्जी ड्रिंकची बाटली उघडली जाते. आधी पोटभर पाणी पिऊ द्या. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बाटलीवर विसंबू नका. साखर नसली तरी त्यातलं ॲसिड तेच असतं.

५. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. झोपेत लाळ फारच कमी होते. ब्रश मऊ घ्या, पेस्ट फ्लोराइडची: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंका, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं. मिश्री, कोळशाची पूड आणि दात पांढरे करायला लिंबाची साल, तिन्ही घरातून हद्दपार करा.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. नव्या दाढेचं एनॅमल अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. दुधाच्या दातांचं तर मुळातच पातळ. महिन्यातून एकदा मुलाला उजेडात उभं करून तोंड बघा.

दात पिवळट दिसणं, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होणं, दाढांवर वाटीसारखे खळगे, थंड पाण्याने शिणशिणणं, यातलं काही आढळलं तर डॉक्टर गाठा. जवळ कुणी नसेल तर बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. जाताना छातीत जळजळ किंवा वारंवार आंबट ढेकर येत असतील तर तेही सांगा. पोटातलं ॲसिड तोंडात येऊनही दात असेच झिजतात, आणि मग सरबत कितीही कमी केलं तरी झीज थांबत नाही.