खालून आणि मागून फोटो कसे काढायचे: मोबाईलवाल्यांसाठी आणि कॅमेरावाल्यांसाठी

पक्षी असो, अळंबी असो नाहीतर घरातला हंडा, आपण सगळे समोरूनच फोटो काढतो. पण ती गोष्ट चालते कशी, चिकटते कशी, उभी कशी राहते ते बहुतेक वेळा खालच्या नाहीतर मागच्या बाजूलाच दिसतं, आणि तिकडे कुणी बघतच नाही. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही, फक्त जागा बदलायची तयारी लागते.

सुरुवात अळंबीपासून करा. पावसाळ्यात बागेत, कुजक्या ओंडक्यावर कुठेही सापडते. बरेच जण मोबाईल तसाच आडवा जमिनीवर टेकवतात, पण लेन्स वरच्या कोपऱ्यात असते त्यामुळे ती तरी उंचच राहते, म्हणून मोबाईल उलटा धरा, लेन्स मातीला टेकेल असा. आणि अगदी सरळ खालून हवं असेल तर जमिनीवर रुमाल टाकून त्यावर मोबाईल स्क्रीन खाली करून ठेवायचा, मागचा कॅमेरा आभाळाकडे, दहा सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. सेल्फी कॅमेरा या कामाला शक्यतो नको, बऱ्याच मोबाईलमध्ये त्याचा फोकस हातभर अंतरासाठी पक्का केलेला असतो आणि जवळचं सगळं धूसर येतं. मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, असेल तर चालू करा.

आता अडचण उजेडाची. वर आभाळ पांढरं आणि छत्रीच्या आत अंधार, त्यामुळे खालचे ते पातळ पातळ पडदे काळे येतात. अळंबीच्या बुडाशी एक पांढरा कागद ठेवा, त्यावरून उजेड उलटा वर फिरतो आणि एकेक पडदा सुटा दिसायला लागतो. अळंबी उपटू नका, काही गरज नसते. आणि पालापाचोळ्यात हात घालायच्या आधी काठीने जरा चाळवून बघा, पावसाळ्यात तिथे काहीही असू शकतं.

रात्री घरबसल्या करायचा प्रकार म्हणजे खिडकीच्या काचेवरची पाल. ती बाहेरून, आपण आतून. खोलीतल्या उजेडाला किडे येतात म्हणून ती येते, तेव्हा आधी दिवा चालू ठेवून तिला बसू द्या. मग दिवा बंद करा, आपल्या मागे काळी शाल नाहीतर गडद चादर धरायला कुणाला तरी सांगा म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही, आणि दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा. समोरून मारलात तर नुसती चमक येईल. स्क्रीनवर तिच्या पोटाच्या जागी बोट दाबून धरून फोकस लॉक करा. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या स्पष्ट येतात, त्या पट्ट्यांवरच्या अतिसूक्ष्म केसांमुळे ती काचेवरून घसरत नाही. मादी अंड्यावर आलेली असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी पण दिसतात! मला हा फोटो वाघाच्या फोटोइतकाच मोलाचा वाटतो.

उडणाऱ्या पक्ष्यांचं खालून काढताना कॅमेरा फसतो, आभाळ इतकं उजळ असतं की तो पक्ष्याला काळा करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी सेटिंग, +1 पासून +1.7 पर्यंत न्या, शटरचा वेग 1/1600 सेकंदापेक्षा हळू नको. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, ऊन तिरकं असलं की पंखाच्या खालपर्यंत पोचतं. सराव घारीवर करा, ती हळू घिरट्या घालते. नेहमीच्या घारीच्या शेपटीला खाच असते, कोकणात मासळी उतरवतात तिथे फिरणाऱ्या ब्राह्मणी घारीची शेपूट गोल असते, खालून एका नजरेत फरक कळतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कॅमेरा सूर्याकडे अजिबात वळवू नका.

आता मागून. मोर नाचताना सगळे समोर गर्दी करतात, पण मागे खरी गंमत असते. तो भला मोठा पिसारा म्हणजे मोराची शेपूट नाहीच, ती शेपटीच्या वरची लांब वाढलेली पिसं, आणि खरी शेपूट आखूड, तपकिरी, पिसाऱ्याच्या मागे ताठ उभी राहून त्याला आधार देते. हे मागूनच दिसतं. त्यासाठी मोराच्या मागे पळायचं नाही, तो लगेच पिसारा मिटतो. एका जागी बसून राहा, नाचताना तो स्वतःभोवती फिरतोच, पाठ आपल्याकडे झाली की लागोपाठ फोटो घ्या.

ताडोबात वाघ जिप्सीसमोरून पाठमोरा चालत असला की लोक कॅमेरे खाली ठेवतात. ठेवू नका, त्याच्या कानांच्या मागच्या काळ्या भागावरचे पांढरे ठिपके तेव्हाच मिळतात, फोकस कानावर ठेवा. गाडी पुढे घ्यायचा आग्रह ड्रायव्हरदादांना करू नका. घरट्याच्या खाली जाऊन फोटो तर कधीच नाही, पिल्लं असोत की अंडी.

घरातल्या वस्तूंसाठी दोन स्टुलांवर एक जाड काच ठेवली की झालं, वस्तू वर आणि मोबाईल खाली. तांब्याचा हंडा असेल तर मात्र तो नुसता पालथा घाला आणि खिडकीचा उजेड एकाच बाजूने येऊ द्या. आडव्या उजेडात ठोक्यांचा प्रत्येक वळ वेगळा दिसतो, पुण्याच्या तांबट आळीत अशी भांडी हाताने ठोकतात. वरून दिवा लावला तर तेच बूड सपाट दिसतं. छत्री, सायकल, टेबलफॅनची मागची बाजू, सगळ्याला हाच आडवा उजेड चालतो.

ओळख विचारायला आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींची ओळख पटवून देणाऱ्या संकेतस्थळावर, फोटो टाकणार असाल तर अळंबीचे वरून, बाजूने आणि खालून असे तिन्ही टाका, फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडलेले दोन्ही. नुसत्या वरच्या फोटोवरून जाणकारांनाही पुष्कळदा नाव सांगता येत नाही. आणि कुणी नाव सांगितलं तरी फोटोच्या भरवशावर अळंबी खायची नाही.