केंद्राच्या मसुद्यावर ग्रामसभेने हरकत कशी नोंदवावी

केंद्र सरकारच्या कायद्यांचा भार शेती, जंगल आणि मजुरी यांवर जगणाऱ्या गावांवर पडतो, आणि तरीही गावाला त्याचा पत्ता बहुधा सारे ठरून गेल्यावरच लागतो. वास्तविक कायदा करण्यापूर्वी लोकांशी सल्लामसलत करण्याच्या केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार मंत्रालयाने कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. हे धोरण अनेकदा पाळले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणूनच मिळालेली मुदत गावाने वाया घालवू नये.

प्रथम मसुदा मराठीत मागावा. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील (मराठीसह २२) भाषांमध्ये उपलब्ध करून देण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. मागणीपत्रात त्याचा उल्लेख करावा. उत्तराची वाट पाहत बसू नये. आपल्याशी संबंधित कलमे गावातील शिक्षकांकडून समजून घ्यावीत.

त्यानंतर ग्रामसभा बोलवावी. महाराष्ट्रात गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असलेली संख्या लागते. त्याआधी महिलांची सभा घ्यावी, कारण पाणी, सरपण आणि रेशन यांबाबतच्या अडचणी तेथेच सर्वांत स्पष्टपणे मांडल्या जातात.

खरी मेहनत ठरावाच्या मजकुरावर घ्यावी. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेला ठराव फाइलमध्ये पडून राहतो. कोणत्या कलमाला हरकत आहे, त्यामुळे गावातील किती खातेदारांवर आणि किती क्षेत्रावर परिणाम होईल, आणि त्या कलमाऐवजी नेमके कोणते शब्द हवेत, हे तिन्ही त्यात असावे. आकडे सातबारा, पीक पाहणी आणि मजुरांच्या हजेरीपटावरून घ्यावेत. शेजारच्या गावांनी एकाच मजकुराच्या प्रती पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या शिवाराची माहिती जोडावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील पंचायतींच्या २९ विषयांपैकी असेल, तर तसे नमूद करावे.

मसुद्यावरचा असा ठराव केवळ सूचना ठरतो; वनहक्कांना बाधा आणणाऱ्या प्रकल्पाच्या बाबतीत मात्र ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचे बळ असते. ओडिशातील नियमगिरी डोंगरांवरील १२ ग्रामसभांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये बॉक्साइटची खाण नाकारली, ती २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारेच. तेव्हा जो कायदा लागू असेल, त्याचे नाव ठरावात लिहावे.

ठरावाची प्रत मंत्रालयाला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. एक प्रत खासदारांना द्यावी. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले असेल आणि समितीने निवेदने मागवली असतील, तर तेथेही कलमवार निवेदन देऊन प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची परवानगी मागावी. बदलाला खरा वाव याच टप्प्यावर असतो.

मुदत संपल्यावर माहिती अधिकारात अर्ज करून आलेल्या सूचनांचा गोषवारा मागावा, आणि मिळालेले उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवावे.