कोबोल मिळालंय? मग हे आधी वाचा

ट्रेनिंग संपल्यावर यादी लागली. रूममेटला जावा मिळालं आणि मला मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे अवाढव्य कॉम्प्युटर आणि त्यांवरची कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा. त्या रात्री मी चक्क रडले. १९५९ साली जिची आखणी सुरू झाली ती भाषा माझ्या आईपेक्षाही वयाने मोठी. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "बँकांत चालतं ना? मग टिकेल." आज अकरा वर्षं झाली. पुण्यात बसून एका ब्रिटिश विमा कंपनीचे पॉलिसीचे प्रोग्रॅम सांभाळते. तिकडे रात्री ११ वाजता बॅच (साठलेल्या कामांचा एकगठ्ठा हिशेब) सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे ३:३० झालेले असतात. ऑन-कॉलच्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपायचं.

नवीन येणाऱ्यांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला: "यात जावासारखे क्लास-ऑब्जेक्ट का नाहीत?" आहेत की. २००२ च्या स्टँडर्डमध्येच आले. आमच्या फ्लोअरवर ते कुणी वापरलेले मी एकदाही पाहिले नाहीत. रोज कोबोल लिहिणाऱ्यांना जे सुधारून हवंय ते याहून बारीकसारीक आहे आणि छळतं मात्र जास्त.

मला विचाराल तर सगळ्यात आधी पॅराग्राफला (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या तुकड्याला) स्वतःचे व्हेरिएबल द्या. वर्किंग-स्टोरेज या भागात जे व्हेरिएबल जाहीर केलं ते अख्ख्या प्रोग्रॅमचं. लोकल-स्टोरेज आहे, पण नावावर जाऊ नका. तेही पूर्ण प्रोग्रॅमसाठीच, एका पॅराग्राफपुरतं नाही. परफॉर्म करताना, म्हणजे पॅराग्राफ चालवायला बोलावताना, त्याला काही हातात देता येत नाही. पहिल्याच वर्षी मी हप्ते मोजायला एक पॅराग्राफ लिहिला आणि मोजणीला डब्ल्यूएस-आय नावाचा व्हेरिएबल घेतला. तो आधीपासून होताच, म्हटलं नवा कशाला? मला दिसलं नाही ते असं, की माझा पॅराग्राफ ज्या लूपमधून परफॉर्म होत होता तो लूपही त्याच आयवर फिरत होता. अबेंड (प्रोग्रॅम मध्येच बंद पडणं) नाही, एरर नाही, रिटर्न कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. फक्त मधल्या काही पॉलिसी गाळल्या जात होत्या. टेस्टिंगमध्ये रेकॉर्डची संख्या जुळेना म्हणून सापडलं. आमचे कोल्हापूरचे सीनियर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अगं, तुमच्या दोघांची आय एकच आहे की!" पुढे महिनाभर टीममध्ये मला त्यावरून चिडवत होते.

दुसरा छळ मुकाट्याने कापल्या जाणाऱ्या आकड्यांचा. सहा अंकी फील्डमधले १२३४५६ पाच अंकी फील्डमध्ये मूव्ह (कॉपी) करा: उरतात २३४५६. डावीकडचा, म्हणजे सगळ्यात महाग अंक गेला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. कॉम्प्युट या हिशेबाच्या आज्ञेला 'ऑन साइझ एरर' (आकडा मावला नाही तर काय करायचं) जोडता येतं. मूव्हला तेवढीही सोय नाही. याउलट आकड्याच्या फील्डमध्ये स्पेस भरलेल्या निघाल्या तर हिशेब करताना बहुतेक वेळा एसओसी-७ (आकड्याच्या जागी आकडा नाही, ही मेनफ्रेमची एरर) देऊन जॉब पडतो. पहाटे झोप मोडते, पण निदान कळतं तरी.

पूर्णविरामाचंही असंच. १९८५ च्या स्टँडर्डने एन्ड-इफ दिलं, पण त्याआधीचा कोड पूर्णविरामावरच इफ बंद करतो. त्यात भर घालताना सवयीने मध्येच टिंब पडलं की इफ तिथेच मिटतो आणि पुढच्या ओळी अट न बघता चालत सुटतात. जुन्या ठरीव मांडणीत कॉलम ७२ च्या पुढे लिहिलेलं कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) वाचतच नाही, हे पंच कार्डांच्या काळाचं देणं. कॉलमचं बंधन नसलेला फ्री फॉरमॅटही २००२ मध्ये आला; आमच्या कॉपीबुक (अनेक प्रोग्रॅममध्ये जोडल्या जाणाऱ्या सामायिक कोडच्या फायली) मात्र अजून आठव्या कॉलमलाच सुरू होतात. स्ट्रिंग जोडण्या-तोडण्याबद्दल बोलायला लागले तर दिवस जाईल.

मग बदल का होत नाहीत? होतात. आयबीएमच्या २०२२ च्या ६.४ कंपायलरमध्ये स्वतःची फंक्शन लिहिता येऊ लागली. पण कंपायलर बदलायचा म्हणजे हजारो प्रोग्रॅम पुन्हा तपासायचे. जुन्या कंपायलरवर वर्षानुवर्षं खपून गेलेला फील्डमधला कचरा नव्यावर वेगळंच उत्तर देऊ शकतो. म्हणून आमचे जुने लोक नव्या सोयींच्या बातमीने हुरळत नाहीत. मीही आता त्यांच्यासारखीच झालेय बहुतेक.

एका गोष्टीला, दशांश हिशेबाला, मात्र हात लावू नये असं सगळ्यांचंच मत. जावातल्या डबल या आकड्यांच्या प्रकारात ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात. इथे दशांश अंक दशांशच राहतात; कॉम्प-३ या आकडे साठवायच्या प्रकारात तर एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्यात चिन्ह. हप्त्यातल्या पेनींचा हिशेब जुळतो तो यामुळे.

प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर बसून राहू नका. लॅपटॉपवर ग्नू-कोबोल हा कंपायलर फुकट चालतं. २०२५ च्या जीसीसी १५ या दुसऱ्या फुकट कंपायलरमध्येही कोबोल आलंय. वर सांगितलेला सहा अंकी आकडा पाच अंकी फील्डमध्ये स्वतः घालून बघा. पूर्णविरामाचा घोटाळा मुद्दाम करून बघा. इंटरव्ह्यूमध्ये "एसओसी-७ कसा शोधाल?" हे विचारतातच, उत्तर पाठ करण्यापेक्षा एखाद्या फील्डमध्ये स्पेस भरून तिचे बाइट हेक्समध्ये कसे दिसतात ते ओळखायला शिका. मेनफ्रेमवर स्पेस म्हणजे ४०, लॅपटॉपवर २०. तिथे गोंधळू नका.

तो डब्ल्यूएस-आय त्या प्रोग्रॅममध्ये अजून आहे. मी माझ्यापुरता वेगळा घेतला, नावात पॅराग्राफचा नंबर घालून. जुना काढायचा तर पूर्ण रिग्रेशन टेस्टिंग (आधीचं काही मोडलं नाही ना, याची तपासणी) लागेल, आणि त्याचं बजेट क्लायंट देत नाही.