कवितासंग्रह काढताय? या चुका टाळा

आपल्या परभणी-नांदेडकडं कवीचं पुस्तक रखडतं तेव्हा सगळे पैशाला दोष देतात, पण खरी बोंब फाईलपासून सुरू होते. थोड्या कविता व्हॉट्सअ‍ॅपवर, थोड्या वर्डमधी, थोडे वहीचे फोटो, आणि वरून "बघा लावून". असं करू नका, एकच फायनल फाईल द्या, क्रम लावून. डीटीपीवाला (संगणकावर पानं लावणारा) युनिकोड मजकूर, म्हणजे आपण मोबाईलवर टाईप करतो तो, जुन्या फॉन्टमधी नेतो तेव्हा 'वाऱ्या'तला ऱ्या तुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि आपलीच कविता आपल्याला पाठ असल्यामुळं ते आपल्याला दिसतच नाही. म्हणून कन्व्हर्ट झाल्यावरचं प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, कागदावर काढा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा.

मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफ तपासणारा, आपल्या भागाबाहेरचा असेल तर अजून एक घोळ होतो. तो 'मव्हं'चं 'माझं' करतो, 'कामून'चं 'का' करतो, त्याच्या हिशोबानं शुद्ध केलं, तुमची ओळ मात्र मेली. बोलीतल्या शब्दांची यादी प्रूफासोबतच द्या. डेमी साईजमधी, म्हणजे पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात, लांब ओळ मावत नाही, मोडून खाली येते, वाचणाऱ्याला वाटतं कवीनंच तिथं तोडली, त्यामुळं टाईप लहान करायचा का उरलेला तुकडा आत सरकवायचा हे आधीच ठरवा.

पानं फर्म्यात मोजा. छापताना एका मोठ्या कागदावर बसणाऱ्या 16 पानांचा एक फर्मा, म्हणजे 80 पानांचे पाच. मनोगत, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून 83 झाली की एकतर कोरी पानं सोडा नाहीतर कविता काढा, आणि ती कोणती काढायची यावर जी भांडणं होतात ती विचारू नका.

पैशाचं म्हणाल तर, छोटा प्रकाशक "दोनशे प्रती तुम्ही घ्या" म्हणला म्हणून तो लुटारू होत नाही, कविता हळू खपते, त्याच्याकडं तरी कुठं भांडवल असतं? पण एकूण किती छापणार, तुम्हाला किती टक्के सवलत, उरलेला गठ्ठा कुणाच्या घरी पडणार, हे कागदावर पाहिजेच. हक्कांचंही तसंच. 1957च्या कॉपीराईट कायद्यानं हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडं जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे लावले तर कशाचे ते विचारा.

पहिलंच पुस्तक असेल तर राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना छापायच्या आधी बघा, पुस्तक हातात आल्यावर बघून काही फायदा नाही.

आणि प्रूफ फायनल व्हायच्या आधी प्रकाशन सोहळ्याची तारीख कुणालाच देऊ नका, कारण एकदा हॉल बुक झाला, पाहुणे ठरले, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की शेवटचं प्रूफ रात्रीतून "ओके" होतं.