प्रार्थनेत वाचन अडलं तर

सोलापुरातल्या एका मिशन शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र खणखणीत पाठ म्हणणारा एक मुलगा तेच पुस्तकातून वाचताना दुसऱ्या ओळीतच अडखळायचा. मी त्याला आळशी म्हटलं. चूक माझी होती.

शिक्षकांनो, असं मूल दिसलं तर आधी घरची भाषा विचारा. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. नवी भाषा चाचपडणं निराळं, अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं अडणं, निराळी. मूल घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगतं, पण महिनोन्‌महिने शिकवूनही घ-ध, भ-म यांत घोटाळा होतो, फळ्यावरचं उतरवताना वेलांट्या गळतात, तर तपासणीला पाठवा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरली आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. दहावीची वाट बघत बसू नका.

वर्गात ताटलीत रांगोळी पसरा. बोटाने अक्षर गिरवायचं, गिरवताना उच्चार मोठ्याने. दिवसाला एकच जोडाक्षर, दहा मिनिटं, बास.

प्रार्थनेत अचानक उभं करून शास्त्रपाठ वाचायला लावू नका. ओळ आदल्या दिवशी द्या, मोठ्या अक्षरात, किंवा तोंडी म्हणू द्या. आमचा तो मुलगा पुढे ढोलकीवर बसला आणि सगळ्या वर्गाला ताल धरायला लावू लागला.

आणि “देवाची इच्छा” हे पालकांना ऐकवू नका. मुलाच्या आई चादर कारखान्यातली पाळी बुडवून आलेल्या असतात. त्यांना तपासणी कुठे, कोणत्या दिवशी, ते कागदावर लिहून द्या.